रीतसर वात्रटपणा

टोक्योत इकेबुकुरो स्टेशनाबाहेर ‘बिक कॅमेरा’ नावाचं भलंमोठं दुकान आहे. नाव कॅमेऱ्याचं असलं तरी आत फ्रिजपासून केस वाळवण्याच्या यंत्रापर्यंत सगळं मिळतं. या दुकानाचं स्वतःचं एक गाणं आहे आणि ते सतत वाजत असतं. समजा, अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातून आलेल्या, दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या आजीबाई या दुकानात शिरल्या. कानावर सूर पडताच त्या जागच्या जागी थांबतील. कदाचित डोळेही पुसतील. कारण ही चाल रॉबर्ट लोरी या पाद्रीबुवांनी १८६४ साली रचलेल्या भजनाची. देवाच्या सिंहासनापाशी एक नदी वाहते, तिच्या काठी आपण सगळे पुण्यवान जमू ना, असा त्या भजनाचा आशय. त्याच वेळी बॅटऱ्यांच्या फळीपाशी उभा असलेला दहा वर्षांचा जपानी पोरगा तीच चाल ऐकून फिस्सकन हसेल. त्याच्या लेखी ही चाल तानुकीच्या अंडकोशांची आहे.

तानुकी म्हणजे कुत्र्याच्या कुळातला, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेला एक गुबगुबीत प्राणी. जपानी लोककथांमध्ये तो रूप बदलतो, माणसांना फसवतो आणि ढोसतो. तिथल्या खानावळींच्या दाराशी शिगाराकीच्या मातीचा त्याचा पुतळा असतो: डोक्यावर टोपी, हातात साकेची बाटली, चेहऱ्यावर उधारी बुडवणाऱ्याचं हसू आणि खाली जवळजवळ जमिनीला टेकलेला तो ऐवज. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तो भरभराटीचा शकुन आहे. म्हणे पूर्वी सोन्याचा वर्ख ठोकणारे कारागीर तानुकीच्या कातड्यात सोनं गुंडाळायचे आणि चिमूटभर सोनं ठोकून ठोकून खोलीभर पसरायचं, त्यावरून ही कल्पना निघाली. ‘स्टुडिओ जिब्ली’च्या १९९४ सालच्या ‘पोम पोको’ या चित्रपटात तर तानुकी या अवयवाचा हवाई छत्रीसारखा उपयोग करतात. इंग्रजीत डबिंग करणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी त्याला सरसकट ‘पिशवी’ म्हणून वेळ मारून नेली. तर लोरीबुवांच्या चालीवर जपानी पोरं जे गातात त्याचा विषय हाच: वारा पडलेला असतानाही तानुकीच्या बाबतीत काय हलतं. भजन मिशनऱ्यांनी आणलं, पोरांनी ते उचललं आणि शेवटी दुकानदाराने त्यावर आपलं नाव चिकटवलं. देवाची नदी, मग तानुकी, मग हप्त्यावर फ्रिज.

चाल तशीच ठेवून शब्द बदललेल्या या गाण्यांना जपानीत ‘काएउता’ म्हणतात. आपल्याकडे विडंबन गीत म्हणतो तेच, पण तिकडचा संसार मोठा.

बिक कॅमेऱ्याचा कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे ‘योदोबाशी कॅमेरा’. त्याचंही गाणं आहे आणि त्याचीही चाल अमेरिकेचीच, त्याच दशकात गाजलेली. यादवी युद्धात उत्तरेचे शिपाई गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या जॉन ब्राउनच्या नावाने जे गाणं म्हणत कूच करत, त्या चालीवर ज्युलिया वॉर्ड हाऊ या बाईंनी १८६१ साली नवे, भारदस्त, न्यायनिवाड्याच्या दिवसाची आठवण करून देणारे शब्द बसवले. त्या चालीवर योदोबाशी काय गातं? कोणत्या रंगाची आगगाडी कुठून कशी जाते आणि कोणत्या स्टेशनापाशी उतरलं की दुकान लागतं! गाण्यात जाहिरात थोडी आणि पत्ता जास्त. पत्ता म्हटला की शाखेगणिक बदलणारच, त्यामुळे शिंजुकूच्या दुकानातले शब्द वेगळे आणि ओसाकात उमेदाच्या दुकानातले वेगळे. म्हणजे नवी शाखा निघाली की काएउताचीही काएउता.

या चालीची जपानात इतरही कामं आहेत. गोन्बेइ नावाच्या गृहस्थाच्या बाळाला सर्दी झाल्याचं एक गाणं याच चालीवर आहे. ते म्हणताना मुलं दर फेरीला एकेक शब्द गाळतात आणि त्याच्या जागी हातवारे करतात, शेवटी उरतात फक्त शिंका. बेडकाच्या पिल्लाचं कूळ सांगून त्याचा माशांशी नातेसंबंध नसल्याचा खुलासा करणारं आणखी एक गाणं आहे, तेही याच चालीवर. ज्या चालीवर गुलामगिरी संपवायला फौजा निघाल्या, तिने पुढे सर्दी, बेडूक आणि दुकानदारी अशी तीन खाती एकटीने सांभाळली.

हे सगळं वाचून मराठी वाचकाला थोडं चुकल्यासारखं होईल. आपल्या मनातला जपानी माणूस कमरेत वाकतो, गाडी अर्धा मिनिट उशिरा आली तर माफी मागतो आणि फुलदाणीत एकच फांदी खोचून तिच्याकडे तासभर बघतो. तो हसतो कधी, हे आपण विचारलेलंच नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या प्रसिद्ध बागेच्या धर्तीवर केलेली जपानी बाग आहे आणि तिला नाव दिलंय पु. ल. देशपांड्यांचं. हे नाव ठेवणाऱ्याला जपानी माणसाची आतली गोष्ट कळली असावी, अशी माझी आपली समजूत.

आणि शब्द बदलण्याची ही खोड केवळ पोरांची नाही. ती लावली सरकारने. मेजी राजवटीत शाळा निघाल्या, तेव्हा शाळेत गाणं हवं असं ठरलं, पण गाणी कुठे होती? मग इसावा शूजी नावाच्या शिक्षणाधिकाऱ्याने बोस्टनहून लूथर व्हाइटिंग मेसन नावाच्या संगीतशिक्षकाला बोलावून घेतलं आणि १८८१ पासून शालेय गीतांची पुस्तकं निघू लागली. त्यातल्या अनेक चाली पाश्चात्य आणि शब्द जपानी. स्कॉटलंडमध्ये जुन्या मित्रांच्या आठवणीने पेले उंचावत म्हणायचं गाणं होतं. त्यातले पेले काढले आणि तिथे काजव्यांच्या उजेडात नि बर्फाच्या चकाकीत अभ्यास करणारा गरीब विद्यार्थी बसवला. मधुशाळेतून थेट पाठशाळेत! विडंबन बहुधा वरून खाली घसरतं. हे खालून वर चढलेलं विडंबन. पुढे हे गाणं शाळेच्या निरोप समारंभाचं झालं आणि नंतर त्याच चालीला दुकानं बंद करतानाची नोकरी लागली. आजही ती चाल ऐकून स्कॉटिश माणूस शेजाऱ्याचा हात धरतो आणि जपानी माणूस पिशव्या उचलून दाराकडे चालू लागतो.

लहान मुलांना हाताच्या मुठी मिटायला-उघडायला लावणारं एक बालगीत जपानच्या प्रत्येक बालवाडीत म्हणतात. त्याची चाल रूसोची मानतात. होय, तोच तो तत्त्ववेत्ता, ‘सामाजिक करार’वाला. त्याने एक ऑपेरा लिहिला होता, त्यातून ती निघाली आणि चर्च, पलटण असं करत करत बालवाडीत पोचली. माणूस जन्मतः स्वतंत्र असतो म्हणणाऱ्याच्या चालीवर पन्नास मुलं एकाच वेळी मुठी उघडतात आणि एकाच वेळी मिटतात.

अमेरिकेच्या ‘यांकी डूडल’चं जपानात गिर्यारोहकांचं गाणं झालं. जपानी आल्प्समध्ये यारीगाताके नावाचं भाल्यासारखं शिखर आहे, त्याच्या अंगाला चिकटलेला एक सुळका म्हणजे ‘कोयारी’, धाकटा भाला. उंची दहा हजार शाकु, म्हणजे ३,०३० मीटर. या सुळक्यावर नाच करू या, असं गाणं सुचवतं. माथ्यावर धड उभं राहायला जागा नाही, नाचणार कसलं? पण गिर्यारोहकांच्या गाण्यात असली आमंत्रणं चालतात. मुलींनी ते टाळ्यांच्या खेळासाठी घेतलं आणि इथे एक घोटाळा झाला. शहरातल्या मुलांना कोयारी कुठलं माहीत असणार? त्यांनी ऐकलं ‘कोयागी’. कोयागी म्हणजे शेळीचं करडू. तेव्हा जपानात अशी कित्येक मोठी माणसं आहेत, ज्यांनी आख्खं बालपण करडाच्या पाठीवर नाचायचं गाणं म्हणण्यात घालवलं आणि त्या करडाचं पुढे काय झालं असेल याचा विचार केला नाही. ही काएउता कुणी केलीच नाही. ती नुसती ऐकण्यात झाली.

जपानी भाषाच मुळी या उद्योगाला फितूर आहे. जवळजवळ प्रत्येक अक्षर स्वरात संपतं, एका सुरावर एक अक्षर सुखाने बसतं. आपल्याकडे विडंबन करायला बसलं की दुसऱ्या ओळीत कुठलं तरी ‘स्वातंत्र्य’ नाहीतर ‘कर्तव्य’ आडवं येतं आणि चाल ठेचकाळते. जपानीत असले खड्डे कमी. वर सारख्या उच्चाराच्या शब्दांचा नुसता पाऊस. एक अक्षर इकडचं तिकडे केलं की राजपुत्राचा आचारी होतो. सतराव्या शतकातच कुणा इरसाल माणसाने ‘इसे मोनोगातारी’ या दरबारी प्रेमकथांच्या अभिजात ग्रंथाच्या नावात ‘न’ घुसवून ‘निसे मोनोगातारी’ लिहिलं. निसे म्हणजे बनावट. मूळ ग्रंथात नायक विरहाने व्याकूळ होतो, नकलेत तो बहुधा भुकेने. एदोतल्या शोगुनच्या पदरी पहारेकरी असलेला ओता नानपो नावाचा सामुराई तर अशा वात्रट कवितांमुळे इतका गाजला, की त्याच्या नोकरीची आठवण फक्त पगारवाटप करणाऱ्याला राहिली असावी. १७८३ साली त्याने वात्रट कवितांचा जो संग्रह काढला, त्याचं नावही जुन्या राजमान्य काव्यसंग्रहाच्या नावाची नक्कल. तिथे हजार वर्षं होती, याने दहा हजार केली. विनोदी लेखकांनी आकडा वाढवून सांगण्याची परंपरा तिकडेही जुनी दिसते.

मग असले दिवस आले की हसणं महागात पडावं. १९४० साली जपानी साम्राज्याची २,६०० वर्षं पुरी झाल्याचा सोहळा सरकारने थाटात केला आणि त्यासाठी एक स्फूर्तिगीत काढलं. त्यात सम्राट जिम्मूच्या धनुष्यावर येऊन बसलेल्या सोनेरी घारीचा उल्लेख होता, प्रकाशाचा होता. सोनेरी घारीला जपानीत ‘किन्शी’ म्हणतात आणि प्रकाशाला ‘हिकारी’. नेमक्या त्याच सुमारास ‘गोल्डन बॅट’ नावाच्या स्वस्त सिगारेटचं नाव शत्रूच्या भाषेतलं म्हणून बदललं आणि ठेवलं ‘किन्शी’. ‘हिकारी’ ही दुसरी सिगारेट बाजारात होतीच. सिगारेटींची मक्तेदारी सरकारची. लढाईच्या खर्चासाठी सरकारने भाव चढवले. लोकांनी काय करायचं? स्फूर्तिगीतच घेतलं. घार होती तिथे ‘किन्शी’चा नवा भाव आला, प्रकाश होता तिथे ‘हिकारी’चा. शब्द फार बदलावेच लागले नाहीत, सरकारने आधीच निम्मं विडंबन करून ठेवलं होतं. पोलिसांच्या कानावर लांबून पडलं तर माणूस देशभक्तीने गातोय असंच वाटावं. त्या काळी अनेक लष्करी गाण्यांचं असंच मातेरं पोरांनी आणि शिपायांनी केलं. बहुतेकांचा विषय एकच होता, भूक.

हसण्याचे दिवस परत आले तेव्हा त्यांचा म्होरक्या होता शिमुरा केन. तो ज्यांच्यात सामील झाला ती ‘द ड्रिफ्टर्स’ ही मुळात वाद्यवृंदाची टोळी. १९६६ साली बीटल्स टोक्योच्या बुदोकानमध्ये गायले तेव्हा त्यांच्याआधी ही मंडळी वाजवून गेली होती. पुढे ते विनोदाकडे वळले आणि १९६९ पासून दर शनिवारी रात्री आठला टीबीएस वाहिनीवर त्यांचा कार्यक्रम लागू लागला. १९७३ साली एका शनिवारी या कार्यक्रमाचा प्रेक्षकांतला वाटा ५०.५ टक्क्यांवर गेला. उरलेले बहुधा पालक-शिक्षक संघटनेचे सभासद असावेत. ते या कार्यक्रमाला मुलांनी बघू नये अशा कार्यक्रमांच्या यादीत मानाचं स्थान देत असत.

शिमुरा या टोळीत १९७४ साली आला. त्याचं गाव टोक्योच्या पश्चिमेचं हिगाशीमुरायामा. या गावाने १९६३ साली आपलं एक अधिकृत गौरवगीत करून घेतलं होतं: उत्सवात गोल फेर धरून म्हणायचं, चांगल्या गायकांनी गायलेलं, तलाव वगैरे असलेलं. गावाचं गौरवगीत म्हणजे उद्घाटनाला एकदा वाजतं आणि मग नगरपालिकेच्या कपाटात झोपतं. शिमुराने ते कपाटातून काढलं. मुळातलं कडवं तो जरा बरं म्हणायचा, मग गावातल्या एकेका पेठेसाठी नवी कडवी जोडायचा आणि पहिल्या पेठेपर्यंत येता येता गाण्याचं निव्वळ किंचाळणं व्हायचं. अंगावर बॅले नाचणारीचा झगा, कमरेला हंसाची मान. १९७६ साली सगळ्या जपानातली पोरं हिगाशीमुरायामाच्या पहिल्या पेठेच्या नावाने किंचाळू लागली. आपल्या गावाचं असं झालं असतं तर निषेध मोर्चा, बंद आणि भावना दुखावल्याचं निवेदन इतकं तरी झालंच असतं. हिगाशीमुरायामाने त्याचे आभार मानून स्टेशनासमोर त्याच्या नावाने तीन झाडं लावली. २०२० च्या मार्चमध्ये शिमुरा करोनाने गेला. त्यानंतर त्या स्टेशनात गाडी सुटताना हीच धून वाजू लागली आणि पुढच्या वर्षी त्याचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याच्या अंगावर किमोनो आहे. हंस बसवलेला नाही. एवढी एकच काटकसर गावाने केली.

त्याची दुसरी करामत एका कावळ्याची. नोगुची उजो या कवीने १९२१ साली लिहिलेल्या हळव्या बालगीतात विचारलंय की कावळा का ओरडतो, आणि उत्तर दिलंय की डोंगरात त्याचं सात म्हणून मोजलेलं लाडकं लेकरू आहे. आता सात पिल्लं की सात वर्षांचं पिल्लू, यावर जपानात विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. कावळी सात अंडी सहसा घालत नाही आणि सात वर्षांच्या कावळ्याला पिल्लू म्हणवत नाही, त्यामुळे वाद मिटेना. १९८० च्या सुमाराला शिमुराने तो मिटवला. कावळा का ओरडतो या प्रश्नाला त्याच्या गाण्यात उत्तर होतं की तो कावळ्याचा खाजगी प्रश्न आहे. देशभरातल्या पोरांना हे उत्तर फार पटलं. गृहपाठ का केला नाही, केस का कापले नाहीत, उशीर का झाला, सगळीकडे ते लागू पडत होतं. पालक-शिक्षक संघटनेने पुन्हा यादी काढली.

पण या कलेचा पूर्णवेळ व्यावसायिक म्हणजे कामोन तात्सुओ. जन्म १९५९, ओसाकाकडचा. ओसाकाच्या माणसाने विनोद केला नाही तर शेजारी तब्येतीची चौकशी करायला येतात, अशी तिकडची ख्याती. याने राकुगो म्हणजे बैठ्या कथाकथनाच्या गुरूकडे शागिर्दी केली आणि गुरूने हाकलून दिलं. ‘कामोन’ हे आडनाव गायक कुवाता केइसुकेच्या एका टोपणनावातून मिळालेलं. म्हणजे नावसुद्धा दुसऱ्याचं घेऊन थोडंसं बदललेलं! १९९१ साली त्याची ‘काएउता मेडली’ निघाली आणि तुफान चालली. तंत्र साधं आहे. एका लोकप्रिय गाण्याची ओळ अगदी मूळ शब्दांत, मूळ भावनेने सुरू करायची. ऐकणाऱ्याचा गळा दाटून आला की शेवटच्या तीन-चार अक्षरांत त्याला सांडपाण्यात ढकलायचं आणि तो बाहेर येईपर्यंत पुढचं गाणं सुरू करायचं. आख्खं गाणं विडंबायचं नाही. माझ्या मते हीच त्याची खरी अक्कल. पाचही कडवी ताणून केलेलं विडंबन पाहुण्यांच्या पोराने म्हटलेल्या कवितेसारखं असतं, पहिल्या कडव्यालाच सगळ्यांना कळलेलं असतं आणि थांबवता मात्र येत नाही.

त्याचं दुसरं गाजलेलं गाणं ‘नाकातून दूध’, १९९२ सालचं. एखादा माणूस पुरता उघडा पडतो, तोंड लपवायला जागा उरत नाही, अशा प्रसंगांची ती माळ आहे. दर प्रसंगाच्या शेवटी बाखच्या डी मायनरमधल्या तोकाताचे ते सुरुवातीचे गडगडाटी सूर येतात. चर्चच्या ऑर्गनवर वाजणारे, भुताच्या सिनेमांनी जगभर पोचवलेले. त्या सुरांवर शब्द ‘नाकातून दूध’. बाखची भरपाई मागायला कुणी उरलेलं नसल्याने हे काम सुखाने झालं. इतर बाबतीत मात्र कामोनचं काम सुखाचं नव्हतं आणि इथेच मला जपानी काएउता आणि आपलं विडंबन यांच्यातला खरा फरक दिसतो.

त्याला विचारावं लागतं.

जपानच्या कॉपीराइट कायद्यात विडंबनासाठी वेगळी सूट नाही. वर विसाव्या कलमात कलाकृती जशी आहे तशी राहू देण्याचा निर्मात्याचा हक्क लिहिलाय. ‘जासराक’ ही १९३९ साली स्थापन झालेली संस्था गाण्यांचे पैसे गोळा करते; कॉफीगृहापासून कराओकेच्या खोलीपर्यंत कुणाला सोडत नाही, अशी तिची कीर्ती. पण पैसे भरले म्हणजे शब्द बदलायचा हक्क मिळत नाही. तो ज्याने गाणं लिहिलं त्याच्याकडे. त्यामुळे मेडलीत जितकी गाणी, तितक्या दारांवर नम्रपणे उभं राहायचं. कल्पना करा. समोर पांढऱ्या केसांचे, पारितोषिकांनी खोली भरलेले गीतकार बसले आहेत. त्यांनी आयुष्यात एक विरहगीत असं लिहिलंय की लोक ते ऐकून आगगाडीतून उतरून परत जातात. आणि हा माणूस वाकून, दोन्ही हातांनी कागद पुढे करून म्हणतोय, ‘सेन्सेई, आपल्या शेवटच्या ओळीत प्रेयसी निघून जाते त्या जागी मला बद्धकोष्ठ घालायचा आहे. आपली हरकत नसेल तर कृपया इथे शिक्का उमटवावा.’ सेन्सेई, म्हणजे गुरुजी, चष्मा लावून वाचतात. काही हसून शिक्का मारतात, काही नकार देतात आणि नकार आला की ते गाणं मेडलीतून बाद. म्हणजे ऐकणाऱ्याने ज्या टवाळीवर पोट धरून हसायचं, तिच्यामागे कागदांची चळत असते. १९९२ च्या ३१ डिसेंबरला एनएचकेच्या ‘कोहाकु’त, म्हणजे सगळा जपान घरी बसून बघतो त्या वर्षअखेरीच्या गानसोहळ्यात, कामोन मेडली गायला. सरकारमान्य मंचावर, नीटनेटक्या कपड्यांत, रीतसर वात्रटपणा.

आपल्याकडे अत्रे ‘झेंडूची फुले’ लिहायला बसले, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींना ‘आपली कविता मोडायला घेतो आहे, सवड कळवावी’ असं पत्र त्यांनी घातल्याचं ऐकिवात नाही. घातलं असतं तर उत्तर काय आलं असतं, हा निराळ्या विडंबनाचा विषय.

विडंबनकाराला जपानी न्यायालयानेही फारसा थारा दिला नाही. बर्फाच्या उतारावरून घसरत येणाऱ्या स्कीवाल्यांचं एका छायाचित्रकाराचं सुंदर चित्र होतं. माद आमानो या चित्रविडंबनकाराने उताराच्या माथ्यावर मोटारीचं एक राक्षसी चाक चिकटवलं. लगेच बर्फातल्या रेघा चाकाच्या झाल्या आणि स्कीवाले जीव घेऊन पळू लागले. गंमत कुणालाही कळण्यासारखी होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली चाकवाल्याच्या विरोधात कौल दिला.

या शिस्तीचं मूळ मला थेट तेराव्या शतकात सापडतं. फुजिवारा नो तेइका हा कवी आणि संपादक; शंभर कवींच्या शंभर कवितांचा जो संग्रह जपानी लोक आजही पत्त्यांच्या खेळात वापरतात, तो त्याच्या नावावर आहे. जुन्या कवितेचे शब्द नव्या कवितेत घेणं तेव्हा प्रतिष्ठेचं होतं, पण तेइकाने त्याचं माप घालून दिलं. पाच ओळींच्या कवितेत दोन ओळी घ्या, वर फार तर तीन-चार अक्षरं. मूळ कविता वसंतावर असेल तर तुमची दुसऱ्या विषयावर वळवा. आणि गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या कवींचा एक शब्दही घेऊ नका. आता जपानच्या आजच्या कायद्यात मुदत किती? २०१८ च्या डिसेंबरअखेरीस ती पन्नासवरून वाढवून निर्मात्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षं केली. एवढ्या समित्या, वाटाघाटी आणि आंतरराष्ट्रीय करार होऊन ते आठशे वर्षांपूर्वीच्या एका कुरकुऱ्या कवीच्या आकड्यावर येऊन थांबले.

विचारलं नाही तर काय होतं, हे मोरी शिनइची या नामवंत गायकाला विचारावं. त्याचं ‘ओफुकुरो-सान’ हे आईवरचं गाणं १९७१ पासून गाजत होतं. विनोदाचा त्यात लवलेश नाही. मोरी सुरुवातीला आईला उद्देशून जोडलेली चार वाक्यं म्हणायचा आणि २००६ च्या ‘कोहाकु’तही त्याने ती म्हटली. गीतकार कावाउची कोहान भडकले. हे गृहस्थ म्हणजे जपानी टीव्हीवरच्या पहिल्यावहिल्या मुखवटाधारी नायकांपैकी एकाचे, ‘गेक्को कामेन’चे जनक. त्यांनी मोरीला आपलं कुठलंच गाणं म्हणायला मनाई केली. कित्येक आठवडे टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. ‘जासराक’नेही त्या जोडलेल्या वाक्यांसह गाणं म्हणायला परवानगी मिळणार नाही असं जाहीर केलं. कावाउची २००८ च्या एप्रिलमध्ये वारले, त्यानंतर वारसांशी समेट झाला आणि मोरीला गाणं परत मिळालं, जोडलेली आई वजा करून. बद्धकोष्ठ चालतो, कारण तो विचारून घातलेला असतो. आईचं प्रेम न विचारता घातलं तर चालत नाही.

२०१७ च्या जानेवारीत पाळी आली एका अस्वलाची. जंगलातल्या अस्वलाचं एक गाणं जपानात प्रत्येक मुलाला येतं. मूळ अमेरिकेतलं, शिबिरांत म्हणायचं. जपानी गाण्यात अस्वल एका मुलीला भेटतं आणि तिलाच सांगतं की बाई, तू पळ. ती पळते, तर हेच मागून धावत येतं, कारण तिचं कानातलं पडलेलं असतं. ते परत देतं, मग दोघं गातात. या कथेत तर्कशास्त्राच्या दृष्टीने इतकी मोठी भोकं आहेत की त्यात कुणीतरी काही भरणार हे ठरलेलं होतं. ‘पर्मा ताइसा’, म्हणजे ‘कर्नल कुरळेकेस’, अशा नावाच्या विनोदवीराने ती आपल्या ओळींनी भरली आणि सीडी काढली. जपानी शब्द ज्यांच्या नावावर आहेत, त्या बाबा योशिहिरो यांनी हरकत घेतली. विक्री थांबवा आणि तीस लाख येन द्या अशी मागणी केली. आठवडाभर वृत्तवाहिन्यांवर गंभीर चेहऱ्याची माणसं अस्वलावर चर्चा करत होती. मग गुण्यागोविंदाने मिटलं. श्रेयनामावलीत बदललेले शब्द कर्नलसाहेबांचे, असं वेगळं छापायचं ठरलं आणि सीडी दुकानात राहिली, पूर्वीपेक्षा जास्त खपायच्या बेताने.

शाळकरी पोरांना यातलं काहीच लागू नाही. कुठलंही नवं गाणं टीव्हीवर आलं की त्याची घाणेरडी आवृत्ती शाळेत तयार होते. कवी अज्ञात, विषय ठरलेले: शी, शू, पादणं, मुख्याध्यापक. ‘सेन्सेई’ला विचारायचं तर सोडाच, सेन्सेईच त्यात नायक असतात. ‘जासराक’ने मध्यंतरी संगीताच्या खाजगी शिकवण्यांकडूनही पैसे वसूल करायचं ठरवलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला की शिक्षकाने वर्गात वाजवलं तर पैसे पडतील, विद्यार्थ्याने वाजवलं तर पडणार नाहीत. तानुकीच्या गाण्याबद्दल आणि शाळेच्या मुतारीतल्या सादरीकरणाबद्दल न्यायमूर्तींनी मत नोंदवलेलं नाही.